रेशीम, कोळंबीची टरफलं, समुद्री शेवाळ यांच्यापासून बनणाऱ्या फिल्म: जखमेवर कुठली, चेहऱ्यावर कुठली?

रेवती_गंगापूररोड | सोमवार, रात्री ९:१२

कॉलेज रोडवरच्या कुठल्याही मोठ्या मेडिकलमध्ये जा, 'कोलॅजन' नावाच्या दोन वेगळ्या वस्तू मिळतील. एक शीट मास्क, चेहऱ्यावर थोडा वेळ ठेवून फेकायचा, आणि दुसरी भाजलेल्या जखमेवर लावायची पातळ शीट, जी सर्जन लिहून देतात आणि बंद पाकिटातून थेट जखमेवर जाते. नाव एकच म्हणून लोकांची गल्लत होते, आणि हात भाजल्यावर फ्रीजमधला शीट मास्क लावला तर चालेल का असं मला खरोखर विचारलं गेलंय. (नाही चालणार. आधी नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं हात धरायचा, मग डॉक्टर.) मी फार्मसी केलंय, सध्या अंबडला फॉर्म्युलेशनमध्ये आहे, अशा पातळ शीट म्हणजे फिल्म हा माझा फार जिव्हाळ्याचा विषय, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

फिल्म करायची मूळ रीत तांदळाच्या फेण्यांची आहे. पातळ चीक करायचा, सपाट ताटलीत ओतायचा, वाळला की सोलून काढायचा. फक्त चिकाच्या जागी जे लांब साखळीचे रेणू पाण्यात किंवा दुसऱ्या एखाद्या द्रवात विरघळवता येतात ते घ्यायचे. प्रोटीनकडून बघितलं तर कोलॅजन, त्याचंच उकळून मोडलेलं रूप म्हणजे जिलेटिन, रेशमातलं फायब्रॉइन, लोकरीतलं केराटिन, मक्यातलं झीन (हे पाण्यात नाही, ७०-८० टक्के अल्कोहोलात विरघळतं). साखरेच्या साखळ्यांकडून बघितलं, म्हणजे पॉलिसॅकराइड, तर कोळंबी-खेकड्याच्या टरफलातलं कायटोसान, तपकिरी समुद्री शेवाळातलं अल्जिनेट, स्टार्च, सेल्युलोज, हायल्युरॉनिक ॲसिड वगैरे. नुसतं वाळवलं तर यातली बरीचशी काचेसारखी कडक होऊन तडकतात म्हणून थोडं ग्लिसरीन घालतात, ते साखळ्यांच्या मधे शिरून त्यांना एकमेकींवरून सरकू देतं.

आता जखमेवर फिल्म कशाला? आपल्याकडे अजून घरोघरी 'वारा लागू दे, खपली धरली की बरं होईल' असंच सांगतात आणि १९६२ पर्यंत डॉक्टरी जगही साधारण त्याच मताचं होतं. त्या वर्षी जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर उथळ जखमा करून काही उघड्या ठेवल्या, काही पॉलिथिनच्या फिल्मखाली झाकल्या, आणि झाकलेल्या जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगानं आली. ओलाव्यात पेशींना सरकायला सोपं जातं, खपलीखाली त्यांना खालून वाट काढत जावं लागतं. पण ओलावा म्हणजे डबकंही नको. धडधाकट कातडीतून दिवसाला दर चौरस मीटरमागे साधारण २०० ग्रॅम पाणी उडतं, मांस दिसणाऱ्या ओल्या जखमेतून ५००० च्या आसपास, म्हणून ड्रेसिंगमधून २००० ते २५०० ग्रॅम वाफ जावी असा अंदाज धरतात. पॉलिथिनमधून वाफ जवळपास जातच नाही, साध्या गॉजमधून सगळी जाते आणि वर तो जखमेला चिकटतो. या दोन टोकांच्या मधलं काम नैसर्गिक फिल्म करतात, शिवाय काही फिल्म नुसत्या पडून राहत नाहीत. कायटोसानवर धन भार असतो, रक्तातल्या लाल पेशींवर ऋण, म्हणून ते त्यांना ओढून घट्ट गोळा करतं आणि रक्त थांबतं, शरीराची स्वतःची गोठण्याची यंत्रणा मंद असली तरीसुद्धा. अमेरिकन सैन्यानं इराक-अफगाणिस्तानात याच्या पट्ट्या वापरल्या, आता भारतातही बनतात.

चेहऱ्याचं गणित पूर्ण वेगळं आहे कारण तिथे कातडी शाबूत असते. कोलॅजनचा रेणू साधारण ३,००,००० डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक), आणि शाबूत कातडीतून आत जायचं तर ५०० डाल्टनच्या आत असावं लागतं असा एक ठोकताळा २००० साली मांडला गेला, तो आजही वापरतात. म्हणजे मास्कमधलं कोलॅजन आत जाऊन तुमच्या कोलॅजनमध्ये भर घालत नाही. वर बसून पाणी धरून ठेवतं, कातडी काही तास मऊ आणि टवटवीत दिसते, एवढंच. तेवढ्यासाठी लावायचा तर खुशाल लावा, मीही लावते, पण 'सुरकुत्या मुळापासून' असं लिहिलेलं असेल तर त्या पाकिटाला पैसे देऊ नका.

कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा, मला जमेल तेवढं सांगते.


अनघा_इंदिरानगर | सोमवार, रात्री १०:०५

ताई खूपच छान लिहिलंय. एक विचारायचं होतं, माझ्या बाबांना पंधरा वर्षांपासून शुगर आहे, तळपायाला अंगठ्याखाली छोटी जखम झालीये, दुखत नाही म्हणतात म्हणून कोणी फार मनावर घेतलं नाही पण महिना झाला भरत नाहीये. ऑनलाइन कोलॅजनची शीट मिळतेय ती मागवून घरीच लावली तर चालेल का, का कायटोसानची पट्टी बरी?


डॉ_पंचवटी | सोमवार, रात्री ११:३०

अनघा, काहीही मागवू नका, उद्याच दाखवा. दुखत नाहीये हीच काळजीची गोष्ट आहे, शुगरमुळे पायाच्या नसा बधिर होतात आणि माणूस त्याच जखमेवर भार टाकून चालत राहतो. आधी तीन गोष्टी बघायला लागतात, पायात रक्त नीट पोचतंय का, आत हाडापर्यंत जंतू गेलेत का आणि त्या जागेवरचा भार कसा काढायचा. यातलं काही न बघता वरून कितीही महागाची फिल्म लावली तरी खाली जखम वाढतच राहते, आणि झाकलेली असल्यामुळे दिसतही नाही. भार काढला आणि शुगर आटोक्यात आली की मग कुठलं ड्रेसिंग हा प्रश्न येतो. पाणी खूप येत असेल तर अल्जिनेट, कोरडी असेल तर अल्जिनेट मुळीच नाही. अल्जिनेटची गंमत अशी की त्यातलं कॅल्शियम जखमेच्या पाण्यातल्या सोडियमशी अदलाबदल करतं आणि पट्टीचं जेल होतं, स्वतःच्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी शोषतं, काढताना धुऊन निघतं, रुग्ण ओरडत नाही. कोरड्या जखमेत हे घडायला पाणीच नसतं, मग ती चिकटून बसते.

रेवतीताई, धागा फार आवडला. यात महाराष्ट्रानं केलेलं काम आपल्याच लोकांना माहीत नसतं त्याचं मला वाईट वाटतं म्हणून थोडी भर घालतो. मुंबईच्या वाडिया रुग्णालयात डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींचं ड्रेसिंग भाजलेल्या रुग्णांवर वापरलं आणि १९८५ मध्ये 'बर्न्स' या नियतकालिकात छापलं. बटाट्याच्या सालीचा बाहेरचा थर मेणचट असतो, पाणी सहज जाऊ देत नाही, म्हणून जखम सुकत नाही आणि पट्टी ओढताना नवी कातडी निघत नाही. पुढे सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान घेतलं, २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तेही बटाट्याच्या सालीइतकंच चांगलं आणि तयार करायला कितीतरी स्वस्त आणि सोपं. सोलापूरला वैशंपायन मेडिकल कॉलेजातले डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये मधाची तुलना भाजल्यावर लावायच्या नेहमीच्या सिल्व्हर सल्फाडायझिन मलमाशी केली आणि १९९६ मध्ये थेट मध विरुद्ध बटाट्याची साल असंही बघितलं, त्यात मध सरस ठरला. मुंबईत टाटा मेमोरियलची टिशू बँक १९८८ पासून आहे, बाळंतपणात वारेबरोबर येणारा, बाळाभोवतीच्या पाण्याच्या पिशवीचा पातळ पडदा स्वच्छ करून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून ते जखमांसाठी देतात. तो पडदा म्हणजे निसर्गानं स्वतः ओतलेली कोलॅजनची फिल्मच.

पण हे वाचून कोणी स्वयंपाकघरातली बटाट्याची साल घेऊन बसू नये ही हात जोडून विनंती. ती साल पट्टीवर बसवून ऑटोक्लेव्हमधून (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्रातून) काढलेली होती, नुसती सोललेली नव्हे.


येवलेकर_माग | मंगळवार, सकाळी ७:४०

रेशमाचं नाव आलं म्हणून लिहितोय, आम्ही पैठणीवाले, घरात माग आहेत, कच्चं रेशीम बेंगलोरकडून येतं ते आम्ही साबण आणि सोडा घालून उकळतो म्हणजे त्यावरचा चिकट गोंद निघतो आणि मगच रंग धरतो. वजन जवळपास चौथ्या हिश्श्यानं कमी होतं आणि ते सगळं पाणी गटारीत. आमच्या आज्जीच्या काळापासून ऐकतोय की उकळणाऱ्या बायकांचे हात मऊ राहतात. या पाण्याला खरंच काही किंमत आहे का ताई? एवढं वजन दर खेपेला ओतून देतो ते मनाला लागतं.


रेवती_गंगापूररोड | मंगळवार, दुपारी १:२०

दादा, तुमच्या प्रश्नानं माझा दिवस चांगला गेला. तो गोंद म्हणजे सेरिसिन, कोशाच्या वजनाच्या २० ते ३० टक्के, आणि उरतं ते फायब्रॉइन. दोन्ही प्रोटीनच, पण स्वभाव अगदी वेगळे. सेरिसिन पाण्याला धरून ठेवतं म्हणून क्रीम, शाम्पू, मास्कमध्ये घालतात आणि त्यासाठी ते विकत घेतलं जातं. जखमेच्या बाबतीत मात्र टाके घालायच्या रेशमी दोऱ्यातून ते मुद्दाम काढून टाकतात, कारण काही जणांना होणाऱ्या ॲलर्जीचा आरोप फायब्रॉइनबरोबर राहिलेल्या सेरिसिनवर येतो.

तुमच्या पाण्याची अडचण अशी की साबण आणि सोड्यामुळे सेरिसिन बारीक तुकड्यांत मोडतं आणि साबणातच मिसळून जातं, त्यातून वेगळं काढायचा खर्च मालाच्या वर जातो. साबण-सोडा न घालता नुसत्या पाण्यात, दाबाखाली, प्रेशर कुकरच्या तापमानाला म्हणजे साधारण १२० अंशांना काढलं तर बरंच स्वच्छ सेरिसिन मिळतं. नुसत्या सेरिसिनची फिल्म ठिसूळ होते, ग्लिसरीन आणि आणखी एखादा पॉलिमर सोबतीला घ्यावा लागतो.

आणि फायब्रॉइनची फिल्म तर सुंदरच. गोंद काढलेलं रेशीम लिथियम ब्रोमाइडच्या घट्ट द्रावणात ६० अंशांना विरघळवतात, मग ते मीठ पाण्यानं बाहेर काढून टाकतात आणि जे राहतं ते ओतून वाळवतात. काचेसारखी पारदर्शक फिल्म येते, पण पाणी लागलं की परत विरघळते. तिच्यावर मिथेनॉल लावलं की साखळ्या एकमेकींना घड्या घालून चिकटतात आणि मग ती पाण्यात विरघळत नाही, म्हणजे नुसतं मिथेनॉल किती वेळ लावायचं यावरून शरीरात ती किती दिवस टिकेल हे बऱ्याच अंशी ठरवता येतं. आणखी एक, इथे धागा लांब असायची गरजच नाही, सगळं विरघळवायचंच आहे. तुटलेलं, गुंतलेलं, मागावर न चालणारं रेशीम याला चालतं.


पार्श्व_रविवारकारंजा | मंगळवार, दुपारी ३:०५

नमस्कार. आम्ही जैन आहोत, घरी औषधाची कॅप्सूल घेतानासुद्धा आई विचारते. कोलॅजन, जिलेटिन, कोळंबी, रेशीम, सगळंच प्राण्यांचं दिसतंय. शाकाहारी माणसानं यातलं काय वापरावं?


रेवती_गंगापूररोड | मंगळवार, दुपारी ४:१५

प्रश्न अगदी रास्त आहे आणि आईंनी विचारणं सोडू नये. जिलेटिन गाय, डुक्कर किंवा माशांच्या कातडी-हाडांचं असतं. टाक्यांचा कॅटगट नावाचा दोरासुद्धा मेंढ्या किंवा गुरांच्या आतड्यातल्या कोलॅजनचा, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. शाकाहारी बाजूला अल्जिनेट आहे, आपल्याकडे तमिळनाडूच्या किनाऱ्यावर त्याचं शेवाळ गोळा करतात. सेल्युलोजपासून बनलेलं एचपीएमसी आहे, ज्याच्या कॅप्सूल 'व्हेज' म्हणून मिळतात. हायल्युरॉनिक ॲसिड पूर्वी कोंबड्यांच्या तुऱ्यातून काढत, आता बहुतेक जिवाणूंकडून बनवून घेतात. कायटोसानसुद्धा बुरशीपासून बनवता येतं, ते ज्यापासून बनतं ते कायटिन पहिल्यांदा सापडलं तेच मुळी १८११ मध्ये अळंब्यांत, हेन्री ब्राकोनो यांना. रेशमात ज्या कोशातून पतंग स्वतः भोक पाडून उडून गेलाय ते कोश फिल्मला चालतात, धागा तुटका असला तरी अडत नाही हे वर दादांना लिहिलंच आहे. तरी ते घ्यायचं का हे तुमच्या घरच्यांनी ठरवावं. आणि सर्जरीच्या वेळी आधीच डॉक्टरांना सांगून ठेवायचं, ऐनवेळी नाही. बऱ्याच ठिकाणी पर्याय असतो, पण जिथे नसेल तिथे जीव महत्त्वाचा.


निफाड_बागाईतदार | मंगळवार, रात्री ८:५०

आमच्याकडं द्राक्षाशिवाय दुसरं काय नाही, त्याचं काही होतं का यात? वायनरीवाले चोथा फुकट न्या म्हणतात, आम्ही खतात टाकतो.


मायक्रो_कॅम्प | मंगळवार, रात्री ९:३५

काका, मी मायक्रोबायोलॉजीची विद्यार्थिनी, याचं उत्तर मला द्यायचंय 🙂 तुमच्या द्राक्षाच्या सालीवर ऑरिओबॅसिडियम पुल्युलान्स नावाची बुरशी जवळजवळ सगळीकडे असते, जगभरातल्या बागांत सापडते. ती साखर खाऊन पुल्युलान नावाचं पॉलिसॅकराइड बनवते. तोंडात ठेवल्या ठेवल्या विरघळणाऱ्या माउथ फ्रेशनरच्या पातळ पट्ट्या आठवतात का, त्या पुल्युलानच्या. त्याची फिल्म चकचकीत, बिनवासाची आणि प्राणवायू जवळजवळ आत जाऊ न देणारी असते, म्हणून आता लहान मुलांची आणि गिळायला त्रास होणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची औषधं जिभेवर ठेवायच्या पट्टीत देतात त्यातही ते वापरतात. जपानमध्ये १९७६ पासून हे कारखान्यात बनतं. अडचण एकच, ही बुरशी वाढताना काळी पडते, तो काळा रंग मेलॅनिनचा, तो काढून टाकावा लागतो.

दुसरं म्हणजे व्हिनेगरवर जी जाड बुळबुळीत साय धरते ती जिवाणूंनी विणलेलं शुद्ध सेल्युलोज असते. १८८६ मध्ये ए. जे. ब्राउन यांनी ते ओळखलं. झाडाच्या सेल्युलोजपेक्षा याचे धागे कितीतरी बारीक, ओलं असताना ९९ टक्क्यांपर्यंत पाणीच असतं तरी फाटत नाही. 'बायोसेल्युलोज' लिहिलेले महागडे शीट मास्क आणि भाजलेल्या जखमांची काही ड्रेसिंग याचीच. द्राक्षाच्या चोथ्यातल्या उरलेल्या साखरेवर हे जिवाणू वाढतात. पण सरळ पैसे मिळतील असं मी सांगणार नाही, शुद्ध करण्याचं काम मोठं आहे.


निफाड_बागाईतदार | मंगळवार, रात्री १०:१०

पोरी, पैशाचं नंतर बघू. आमच्या मण्यावर जी बुरशी म्हणून आम्ही फवारणी करतो तिच्यात असं काही असतं हेच आज कळलं.


मायक्रो_कॅम्प | मंगळवार, रात्री १०:२०

काका तुमचा भुरी-डाऊनीवाला शत्रू वेगळा बरं, फवारणी थांबवू नका! ही बुरशी साधारण निरुपद्रवी असते, उलट फळ कुजवणाऱ्या बुरशींची जागा अडवते म्हणून काही देशांत जैविक नियंत्रणालाही वापरतात.


सखी_सिन्नर | बुधवार, सकाळी ११:००

आमचा बचत गट आहे, बारा जणी. कोरफडीचा गर आणि कॉर्नफ्लोर शिजवून त्यात ग्लिसरीन घालून आम्ही चेहऱ्याचे वाळवलेले मास्क करतो, पाणी लावून चेहऱ्यावर ठेवायचे. उन्हाळ्यात मस्त होतात, पावसाळ्यात चिकट राहतात आणि आठ दिवसात त्याच्यावर काळे ठिपके येतात, थंडीत कडा वर वळतात. प्रदर्शनात विकायला ठेवायचे आहेत. पिंपल्सवर आणि भाजल्यावरही चालतात असं लेबलवर लिहू का?


रेवती_गंगापूररोड | बुधवार, दुपारी २:३०

ताई, मेहनत कळतेय. सगळं स्पष्ट लिहिते, राग मानू नका.

चिकटपणा ग्लिसरीनमुळे. ते हवेतलं पाणी ओढतं, पावसाळ्यात आपल्याकडे हवाच ओली, म्हणून जे प्रमाण मे महिन्यात बरोबर ते जुलैत जास्त होतं. स्टार्चच्या वजनाच्या २०-२५ टक्क्यांपासून सुरू करा आणि पावसाळ्यात आणखी कमी करून बघा. मोकळ्या हवेत वाळवू नका, ४०-५० अंशांच्या बंद ड्रायरमध्ये, ताटली पाण्याच्या लेव्हलनं सपाट करून, आणि ओतायच्या आधी बुडबुडे जाऊ द्या, बुडबुडा राहिला की तिथे भोक पडतं. थंडीत कडा वळतात कारण आपली हिवाळ्याची कोरडी हवा वरचा थर आधी आवळते आणि खालचा ओलाच असतो. हळू वाळवलं की कमी होतं. वाळली की लगेच हवाबंद पाकिटात.

काळे ठिपके म्हणजे बुरशी, आणि ती दिसायच्या आधीपासून तिथे असते. डोळ्याला स्वच्छ दिसणारा मास्कसुद्धा स्वच्छ असेलच असं नाही. कोरफडीचा ताजा गर आणि स्टार्च हे बुरशीचं आवडतं खाणं आहे. मान्य असलेलं प्रिझर्व्हेटिव्ह योग्य प्रमाणात घालावंच लागेल. 'केमिकल-फ्री' लिहायच्या मोहापायी ते टाळलं तर एखादीच्या चेहऱ्याचं नुकसान होईल आणि ते मला फार लागेल.

लेबलवर पिंपल्स आणि भाजल्याचं अजिबात लिहू नका. चेहरा मऊ करतो, ओलावा देतो, इथपर्यंत ते कॉस्मेटिक. भाजलेलं बरं करतो म्हटलं की ते औषध किंवा वैद्यकीय उपकरण होतं, त्याला २०१७ चे मेडिकल डिव्हाइसेस नियम लागतात. आणि कॉस्मेटिकसुद्धा विकायला बनवायचं तर २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांखाली परवाना लागतो, घरगुती म्हणून सूट नाही. एफडीएचं (अन्न व औषध प्रशासनाचं) ऑफिस नाशकातच आहे, तिथे जाऊन आधी विचारून या. एखाद्या परवानाधारक युनिटकडून तुमच्या फॉर्म्युल्यानं बनवून घेणं हाही रस्ता असतो.


दंत_द्वारका | बुधवार, सायंकाळी ६:४५

मास्कवरून आठवलं, पार्लरमध्ये पावडर पाण्यात कालवून चेहऱ्यावर थापतात आणि रबरासारखा अख्खा निघतो तो 'रबर मास्क' म्हणजे आम्ही दातांचं माप घेतो तेच अल्जिनेट. सोडियम अल्जिनेट, कॅल्शियम सल्फेट आणि वेळ लांबवायला फॉस्फेट. पाणी पडलं की कॅल्शियम आधी फॉस्फेटशी जोडलं जातं, फॉस्फेट संपलं की मग अल्जिनेटच्या साखळ्यांना बांधतं आणि दोन-चार मिनिटांत घट्ट. कोमट पाणी घेतलं तर आणखी लवकर. भुवया आणि केसांच्या कडेला आधी क्रीम लावा नाहीतर उपटून निघतात. स्वस्तात मिळतं म्हणून दातांची पावडर चेहऱ्याला वापरू नका, त्यात सिलिका असलेली भर असते, धूळ श्वासात जाते.

आणि सोलून काढायचे जे पारदर्शक पील-ऑफ मास्क ट्यूबमध्ये मिळतात ते बहुतेक पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे असतात, पुढे काकडीचं चित्र असलं तरी. वाईट नाही, पण नैसर्गिक फिल्म नव्हे.


ओझरकर | बुधवार, रात्री ९:००

निर्जंतुक करायचाच प्रश्न असेल तर आपल्या लासलगावला कांद्याचं विकिरण केंद्र आहे की, २००२ पासून, तिथे कोबाल्टचे गॅमा किरण आहेत. येवल्याचं रेशीम, निफाडची द्राक्षं आणि लासलगावात निर्जंतुक, सगळं जिल्ह्यातच होईल.


रेवती_गंगापूररोड | बुधवार, रात्री १०:४०

कल्पना ऐकायला फार गोड आहे आणि असं काही जिल्ह्यात व्हावं ही माझीही इच्छा आहे, पण मात्रेत मोठं अंतर आहे. कांद्याला कोंब येऊ नये म्हणून १०० ग्रेच्या (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक) आसपास पुरतं, आंब्यातली कीड निष्फळ करायला ४०० ग्रे. वैद्यकीय वस्तू निर्जंतुक करायला साधारण २५,००० ग्रे लागतात. त्यासाठी वेगळी केंद्रं असतात, मुंबईत ट्रॉम्बेचं आयसोमेड १९७४ मध्ये याच कामासाठी सुरू झालं.

त्यातही एक मेख आहे. एवढ्या मात्रेत साखरेच्या साखळ्या तुटतात. कायटोसान, अल्जिनेट यांची फिल्म किरणांतून बाहेर येते तेव्हा आधीपेक्षा कमजोर झालेली असते, म्हणून किती कमजोर होणार हे धरून आधीच लांब साखळीचा माल घ्यावा लागतो. ऑटोक्लेव्हमध्ये टाकलं तर जिलेटिन वितळतं, कोलॅजनची तिपेडी रचना उलगडते. इथिलीन ऑक्साइड वायू वापरला तर तो फिल्ममधून पुरता बाहेर निघाल्याची खात्री करावी लागते. फिल्म ओतणं कॉलेजच्या प्रयोगशाळेतही जमतं, खरा कस या टप्प्यावर लागतो, आणि बचत गटाच्या मास्कची गाडी जखमेपर्यंत जाऊ शकत नाही ती इथेच.


हरितनाशिक | गुरुवार, सकाळी ८:१५

मला हे पटत नाही. आपले पूर्वज हळद, मध, कोरफड थेट लावत होते. नैसर्गिक गोष्टीला एवढं घाबरवायचं कारण नाही, कंपन्यांचा माल खपावा म्हणून हे नियम.


डॉ_पंचवटी | गुरुवार, दुपारी १२:५०

आपल्या भावनेचा आदर आहे, आणि वर मधाचं आणि केळीच्या पानाचं कौतुक मीच केलंय. पण ते डॉक्टर सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांतले होते, त्यांना काही खपवायचं नव्हतं, उलट गरिबाला परवडेल असं ड्रेसिंग हवं होतं. तरीही त्यांनी पान निर्जंतुक केलं, रुग्णांची तुलना केली, तपासण्या केल्या आणि मगच लोकांपुढे मांडलं. कच्च्या मधात बोट्युलिनम नावाच्या घातक जिवाणूचे बीजाणू असू शकतात, म्हणून वैद्यकीय मध किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. भाजलेल्या जखमेला जंतू अडवणारी कातडीच उरलेली नसते. कोरफड, हळद, टूथपेस्ट, शाई लावून आलेली पोरं मी धुतलीयत, ते लावलेलं काढताना त्यांना होणारा त्रास बघवत नाही. आणि कोळंबीची ॲलर्जी असलेल्यानं कायटोसानची पट्टी वापरण्याआधी डॉक्टरांना सांगायचं, ॲलर्जी टरफलातल्या प्रोटीनची असते, शुद्ध मालात ते जवळपास नसतं, पण शुद्ध आहे याची खात्री पाकिटावरूनच मिळते.


अनघा_इंदिरानगर | गुरुवार, सायंकाळी ५:३०

डॉक्टर, बाबांना दाखवून आणलं. रक्तपुरवठा ठीक आहे म्हणाले, एक्स-रे काढला, हाडापर्यंत नाही गेलेलं. कडेची जाड कातडी काढली, पायाला भार न येईल असं खास पादत्राण दिलंय, एक दिवसाआड ड्रेसिंग, तेही तिथेच. अल्जिनेटच लावलंय. मनापासून आभार.


डॉ_पंचवटी | गुरुवार, सायंकाळी ६:१०

उत्तम. घरात चालतानासुद्धा ते पादत्राण काढायचं नाही, देवघरातसुद्धा नाही, बाबांना माझं नाव सांगा. आणि दुसरा पाय रोज रात्री आरशानं तळवा बघून तपासायचा.


येवलेकर_माग | गुरुवार, रात्री ९:२०

ताई, रविवारी रेशीम उकळायला काढतोय. एक लडी वेगळी ठेवून तुम्ही म्हणता तसं साबण-सोड्याशिवाय कुकरला लावून बघतो. पातेलं जर्मनचं चालेल का स्टीलचंच हवं? आणि ते पाणी तुमच्यापर्यंत आणायचं कसं?


रेवती_गंगापूररोड | गुरुवार, रात्री ९:४५

स्टीलचंच घ्या. पाणी शक्यतो आरओचं, बोअरचं नको, क्षारांनी गढूळ होतं. लडी आधी कोमट पाण्यात धुऊन घ्या म्हणजे धूळ निघेल, मग कुकरमध्ये बुडेल इतकंच पाणी, जास्त घातलं की पातळ होतं आणि आटवताना खराब होतं. शिट्टी झाल्यावर मंद आचेवर अर्धा-पाऊण तास. गरम असतानाच कापडातून गाळून स्वच्छ काचेच्या बाटल्यांत भरा आणि थंड झालं की फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी त्याचं थलथलीत जेल झालेलं दिसेल, ते नासलेलं नसतं, सेरिसिन थंडीत तसंच बसतं. वास आला तर मात्र टाकून द्या. लडीचं आधीचं आणि वाळल्यावरचं वजन लिहून ठेवा, त्यावरून किती उतरलं ते कळेल. मी सोमवारी सुट्टी घेतलीये, बाटल्या बर्फाच्या डब्यात ठेवा, मीच येवल्याला येऊन घेऊन जाते.